आयबीएससाठी हिप्नोथेरपी घेतली, त्याचा सगळा अनुभव

फेब्रुवारीत माझी हिप्नोथेरपी, म्हणजे संमोहनाने केलेले उपचार, संपली. आयबीएससाठी घेतली होती, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. पोट दुखतं, फुगतं, कधीही पळावं लागतं आणि रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल येतात, तोच आजार. सुरू करायच्या आधी मराठीत काही वाचायला मिळतंय का ते मी खूप शोधलं. एकीकडे पूर्वजन्माचे व्हिडिओ, दुसरीकडे मनाच्या अफाट शक्तीचे कोर्स, आणि मला हवं होतं ते म्हणजे कोणाकडे जायचं, पैसे किती लागतात, आत नक्की काय करतात, ते कुठेच नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सुरुवात झाली २०२२ च्या पावसाळ्यात. जबरदस्त गॅस्ट्रो झाला, सलाइन लावायला लागलं, आठवड्याभरात बरीही झाले पण पोट काही पूर्वीसारखं झालंच नाही. (नंतर कळलं की असं बऱ्याच जणांचं होतं, इन्फेक्शन जातं पण आतड्याच्या नसा जास्त संवेदनशील होऊन बसतात, त्याला पोस्ट-इन्फेक्शियस आयबीएस म्हणतात.) मी डोंबिवलीला राहते, ऑफिस दादरला. लोकलमध्ये टॉयलेट नसतं हे आयुष्यभर माहीत होतं, पण त्याचा अर्थ काय ते तेव्हा कळलं. बहुतेक फास्ट गाड्यांत डोंबिवली सुटली की ठाण्यापर्यंत मध्ये उतरायची सोय नाही, आणि नेमकं त्याच टप्प्यात पोटात पिळवटायला लागायचं. म्हणून मी स्लो पकडायला लागले. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, कुठल्या स्टेशनात टॉयलेट कुठल्या टोकाला आहे, कुठलं बंद असतं, कुठे बाई बसलेली असते, सगळं पाठ. सकाळी चहा बंद, नाश्ता बंद. कोणाच्या लग्नाला जायचं तरी आधी हॉलमध्ये टॉयलेट कुठेय ते विचारायचं. हे सगळं घरातल्यांना सांगतानाही लाज वाटायची, आणि ज्याला हे होतंय त्याला मी काय म्हणतेय ते बरोबर समजेल.

२०२३ मध्ये गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्टकडे गेले. हा टप्पा कोणीही गाळू नका, म्हणून मुद्दाम सांगते. आधी रक्ताच्या टेस्ट, थायरॉइड, सिलिअ‍ॅकसाठी (गव्हातलं ग्लूटेन न सोसण्याचा आजार) टीटीजी नावाची टेस्ट, पोटाची सोनोग्राफी, मग स्टूलची कॅलप्रोटेक्टिन नावाची टेस्ट (आतड्याला सूज आहे का ते त्यात कळतं) आणि शेवटी कोलोनोस्कोपी. सगळं मिळून वीस हजारांच्या आसपास गेले, त्यात निम्मे कोलोनोस्कोपीचेच. शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, हिमोग्लोबिन कमी, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर, यातलं काही असेल तर आधी त्याचा छडा लागला पाहिजे, हिप्नोथेरपीचा विचार त्यानंतर. माझं सगळं नॉर्मल निघालं. सरांनी सरळ सांगितलं, आयबीएस आहे, जिवाला धोका नाही, पण त्रास खरा आहे, मनाचे खेळ नाहीत. 'मनाचे खेळ नाहीत' हे डॉक्टरच्या तोंडून ऐकल्यावर मला तिथेच रडू आलं.

मग औषधं. मेबेव्हरिन, इसबगोल, मध्ये एक अँटिबायोटिकचा कोर्स, रात्री अगदी कमी डोसची अमिट्रिप्टिलिन (मुळात डिप्रेशनची गोळी, पण कमी डोसमध्ये दुखण्यासाठी देतात). डाएटिशियनकडे जाऊन लो-फॉडमॅप केलं, म्हणजे पोटात आंबून गॅस करणारे पदार्थ टाळायचं डाएट. त्यात कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, सगळं काही आठवड्यांसाठी बंद आणि मग एकेक परत आणून बघायचं. सासूबाईंनी माझ्यासाठी वेगळी हिंगाची फोडणी, वेगळी भाकरी, कुरकुर न करता सगळं केलं. थोडा फरक पडला, फुगणं कमी झालं. पण गाडीतली ती भीती आणि पिळवटणं तसंच राहिलं.

ऑगस्ट २०२४ च्या फॉलोअपला सर म्हणाले, "तुम्ही गट-डिरेक्टेड हिप्नोथेरपी ट्राय करून बघा." (यातला 'गट' म्हणजे इंग्रजी gut, आतडं.) मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. माझ्या डोक्यात हिप्नॉटिझम म्हणजे गणपतीत मंडळाच्या स्टेजवर होतो तो कार्यक्रम, काका कांदा सफरचंद समजून खातायत आणि सगळी सोसायटी हसतेय. माझ्या चेहऱ्यावरून सरांना कळलं असावं. त्यांनी कागदावर लिहून दिलं काय वाचायचं ते.

घरी येऊन वाचलं. इंग्लंडमधल्या मँचेस्टरचे डॉक्टर पीटर व्होरवेल यांनी १९८४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास छापला होता. कशानेच बरे न होणारे ३० आयबीएसचे पेशंट घेतले, अर्ध्यांना हिप्नोथेरपी आणि अर्ध्यांना बोलण्याची थेरपी अधिक खोटी गोळी, आणि हिप्नोथेरपीवाल्यांना खूपच जास्त फरक पडला. तीस म्हणजे फार माणसं नाहीत, पण नंतर त्याच टीमने २०४ पेशंटचा पाठपुरावा करून २००३ मध्ये छापला. त्यात ७१ टक्के लोकांना थेरपीने फायदा झाला होता आणि त्यातल्या बहुतेकांचा तो पुढे काही वर्षं टिकून होता. २००८ पासून ब्रिटनच्या 'नाइस' या सरकारी संस्थेच्या आयबीएसच्या गाइडलाइनमध्ये आहे की वर्षभर औषधं घेऊनही त्रास राहिला तर हिप्नोथेरपीचा विचार करा. दुसरी बाजूही वाचली. २०१९ मध्ये नेदरलँड्सचा मोठा अभ्यास आला, त्यात तीन महिन्यांनी साधारण दहातल्या चार जणांना पुरेसा आराम होता, आणि ज्यांना फक्त माहिती आणि आधार दिला त्यांच्यात दहातल्या दोघांनाही नव्हता. म्हणजे सगळ्यांना लागू पडतंच असं नाही. मला हे वाचून उलट बरं वाटलं. शंभर टक्के गॅरंटी म्हटलं असतं तर मी गेलेच नसते.

आता माणूस शोधायचा. इथे खरी दमछाक झाली. आपल्याकडे कोणीही 'हिप्नोथेरपिस्ट' अशी पाटी लावून बसतं, दोन दिवसांच्या वर्कशॉपवरही सर्टिफिकेट मिळतं. एका ठिकाणी मी भेटायला गेले तर त्यांनी एकही रिपोर्ट बघितला नाही, थेट तीस हजारांचं पॅकेज, अर्धे आधी, आणि तुमच्या पोटाचं मूळ मागच्या जन्मात आहे ते दोन सिटिंगमध्ये काढून टाकू म्हणाले. मी नमस्कार करून बाहेर पडले. हिप्नोसिसमध्ये माणूस सूचना सहज स्वीकारतो, त्यामुळे न घडलेल्या गोष्टीही घडल्यासारख्या 'आठवू' शकतात, हे मी तोवर वाचलं होतं. ज्याला आधीच त्रास आहे त्याच्या डोक्यात असल्या आठवणी घालणं मला अतिशय वाईट वाटतं.

काय बघायचं ते सांगते. माणूस मुळात मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असावा, आणि हिप्नोसिस हे त्याचं वरचं शिक्षण असावं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे आरसीआयकडे असते आणि त्याचा नंबर असतो. नंबर मागायला अजिबात संकोच करू नका, चांगली माणसं लगेच देतात, आणि तो आरसीआयच्या साइटवर टाकून बघता येतो. मला ठाण्यात एक मॅडम मिळाल्या. त्यांनी फोनवरच सांगितलं की गॅस्ट्रोच्या डॉक्टरांचं रेफरल लेटर आणि सगळे रिपोर्ट असल्याशिवाय मी सुरू करत नाही. तिथेच माझा विश्वास बसला. पण संध्याकाळचा स्लॉट हवा तर दीड-दोन महिने थांबा म्हणाल्या. थांबले. रेफरल लेटरसाठी सरांच्या क्लिनिकमध्ये परत एकदा जावं लागलं आणि कन्सल्टिंगची फी परत भरावी लागली, म्हणून फॉलोअपलाच लेटर मागून घ्या.

ऑक्टोबरच्या मध्यावर पहिली भेट. यात हिप्नोसिस नव्हतंच. तासभर नुसती हिस्टरी. झोप, पाळी, घरचं, ऑफिस, आधी कधी डिप्रेशन, फिट्स, भास होणं, काही गोळ्या चालू आहेत का. सायकोसिस (वास्तवाचं भान सुटण्याचा आजार) असेल तर त्या ही थेरपी करत नाहीत, फिट्स येत असतील तर आधी न्यूरॉलॉजिस्टशी बोलतात. मग एक फॉर्म भरून घेतला, आयबीएसची तीव्रता मोजायचा, पाचशेपैकी मार्क असतात, जितके जास्त तितका त्रास. तीनशेच्या वर म्हणजे सिव्हिअर. माझे ३२० आले. कन्सेंट फॉर्म दोन पानी होता, त्यात लिहिलं होतं की मी कधीही थांबवू शकते, सेशन रेकॉर्ड होणार असेल तर ते फक्त माझ्यासाठी, आणि चोवीस तास आधी न कळवता रद्द केलं तर निम्मी फी. ही भेट अडीच हजार, पुढची प्रत्येक अठराशे. ही भेट धरून बारा सेशन ठरले, सुरुवातीला दर आठवड्याला, नंतर अंतर वाढवत.

मी विचारलं, "मॅडम, मी तुमच्या ताब्यात जाणार का?" त्या म्हणाल्या, "नाही हो, उलट तुमचं पोट तुमच्या ताब्यात यायला मदत करायचीय." मग त्यांनी आबे फारियांचं नाव घेतलं. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे, हात पसरून उभे, समोर एक बाई कोसळतेय. मी तो बघितला होता पण कोण ते माहीत नव्हतं. १७५६ साली कांदोळीला जन्मलेला हा गोव्याचा पाद्री, पुढे पॅरिसला गेला आणि १८१३ पासून तिथे लोकांसमोर प्रयोग करून सांगायला लागला की या अवस्थेत कुठलीही चुंबकशक्ती बिक्ती नाही, करणाऱ्याच्या हातात काही नाही, जे होतं ते समोरच्या माणसाच्या स्वतःच्या मनात होतं. तोवर मेस्मर नावाच्या डॉक्टरची माणसं सांगत होती की आमच्या अंगातून शक्ती निघते. पुतळा बघून वाटतं सगळी ताकद त्या हातांतच आहे, पण त्यांचं म्हणणं याच्या अगदी उलट होतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे भीती तीच असते, की कोणीतरी आपल्यावर काहीतरी करणार.

दुसऱ्या भेटीत प्रत्यक्ष सुरुवात. साधी खोली, मागे रेलणारी खुर्ची, पायावर पातळ चादर, पंखा दोनवर. समोरच्या भिंतीवर एक ठिपका, त्याच्याकडे बघत राहायचं आणि त्यांचा आवाज ऐकायचा. श्वास सोडताना खांदे सैल, जबडा सैल, पापण्या जड झाल्या तर मिटू दे. मग दहापासून एकपर्यंत आकडे, प्रत्येक आकड्याला एक पायरी खाली. मला सगळं ऐकू येत होतं. खाली रिक्षावाला भांडत होता, शेजारच्या फ्लॅटमध्ये कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. पण ते सगळं लांब होतं, आणि त्याच्याकडे लक्ष द्यावंसं वाटत नव्हतं. मग त्यांनी पोटावर हात ठेवायला सांगितला, म्हणाल्या हाताखाली ऊब वाढतेय बघा. आणि खरंच वाढली. नुसता हाताचा गरमपणा नाही, आत खोलवर, जिथे नेहमी पीळ पडतो तिथे. डोळे उघडले तर मला वाटलं दहा मिनिटं झाली असतील, अर्धा तास होऊन गेला होता.

बाहेर आल्यावर मात्र मी जरा खट्टू होते, कारण 'तंद्री' लागली असं काही वाटलंच नाही, हवं तेव्हा उठून बसता आलं असतं. मॅडम म्हणाल्या तसंच असतं, झोप लागणं अपेक्षितच नाही, बेशुद्ध तर नाहीच. लक्ष एका जागी गोळा होतं आणि बाकीचं मागे पडतं, एवढंच. आणि या अवस्थेत दिलेली सूचना शरीर जास्त ऐकतं. मेंदू आणि आतडं यांच्यात दोन्हीकडून सतत निरोप जात असतात, आयबीएसमध्ये आतड्याकडून आलेला साधा निरोपही मेंदूला धोक्याच्या घंटेसारखा ऐकू येतो. ती घंटा हळू करायची, हे काम.

तिसऱ्या सेशनपासून चित्र आलं. परदेशातल्या मूळ पद्धतीत आतडं म्हणजे नदी असं डोळ्यांसमोर आणतात, ज्याला जुलाब होतात त्याने खळाळणारी नदी संथ करायची, ज्याला बद्धकोष्ठ त्याने अडलेली मोकळी करायची. मॅडमनी मला विचारलं, तुमच्या ओळखीचं पाणी कुठलं? मला पटकन गुहागरची आजोळची पोफळीची बाग आठवली. विहिरीवरून सुटलेलं पाणी पाटातून यायचं आणि मामा फावड्याने माती ओढून एका आळ्याकडचा पाट बंद करायचा, दुसऱ्याकडचा उघडायचा. पाणी जोरात आलं की माती वाहून जायची, म्हणून तो आधी पाटाच्या तोंडाशी दोन दगड ठेवून वेग मोडायचा. तेच आम्ही घेतलं. डोळे मिटून मी पाटात दगड ठेवते, पाणी दगडांना वळसा घालून हळू होतं, आळं भरतं, माती गार होते, मग मी पुढचं तोंड उघडते. मामाचे चिखलाने भरलेले पाय, सुपारीच्या झावळ्यांतून पडणारं ऊन, सगळं दिसायचं. तुम्ही जाल तेव्हा तुमचं स्वतःचं चित्र द्या, उसन्या नदीपेक्षा ते फार लवकर पकड घेतं.

प्रत्येक सेशनचं रेकॉर्डिंग फोनवर मिळायचं, वीसेक मिनिटांचं, ते रोज ऐकायचं. हाच खरा अवघड भाग आहे. अठराशे रुपये मोजणं सोपं, रोज वीस मिनिटं मुंबईच्या घरात शांत मिळवणं कठीण. मी जेवणं उरकली की बेडरूमचं दार लावायचे, नवऱ्याने लेकाचा अभ्यास त्या वेळेवर आणला. गाडी चालवताना हे अजिबात ऐकायचं नाही, हे कन्सेंट फॉर्ममध्येही होतं. अंथरुणावर आडवं पडून ऐकलं की झोप लागते, म्हणून खुर्चीत बसा.

दिवाळीपर्यंत फरक शून्य. खरं सांगायचं तर दिवाळीच्या फराळानंतर जास्तच बिघडलं आणि मी सोडून द्यायच्या बेतात होते. मॅडमनी समजावलं की पाच-सहा सेशनच्या आधी निष्कर्ष काढायचा नाही, आणि वाईट आठवडे येणारच. नोव्हेंबरच्या शेवटी पहिल्यांदा लक्षात आलं की दुखणं येतंय पण त्याच्या मागोमाग येणारी घबराट येत नाहीये. आधी दोन्ही एकत्रच यायचं, इतकं की ते वेगळं असू शकतं हेच माहीत नव्हतं. घबराट सुटली तशी मग दुखणंही कमी वेळ टिकायला लागलं.

डिसेंबरात त्यांनी गाडीचा सराव घेतला. खुर्चीत डोळे मिटून डोंबिवली स्टेशन, इंडिकेटर, लेडीज डबा, दाराजवळची गर्दी, गाडी सुटली, पोटात हललं, हात पोटावर, पाट, दगड, पाणी हळू. अंगठा आणि पहिलं बोट जुळवलं की हे सगळं पटकन आठवेल अशी खूण त्यांनी बसवून दिली. गर्दीत कोणाला कळतही नाही. नाताळच्या सुट्टीत, डब्यांत गर्दी कमी असताना, मी फास्ट पकडली. नवरा बरोबर होता. बोटं जुळवून उभी होते, ठाणं आलं, मी उतरलेच नाही, दादरपर्यंत गेले. दादरला उतरून आम्ही दोघांनी स्टेशनबाहेर मिसळ खाल्ली, आणि मला ते दृश्य कोणाला तरी ओरडून सांगावंसं वाटत होतं.

शेवटच्या भेटीत परत तोच फॉर्म भरला, १६५ आले. पन्नासचा फरक पडला तरी डॉक्टर त्याला सुधारणा मानतात, माझा त्याच्या तिप्पट पडला. बरी झालेय का? पूर्ण नाही. पाळीच्या आधी त्रास होतो, राजमा अजून चालत नाही, आणि अमिट्रिप्टिलिन चालू आहे, ती सर सांगतील तेव्हाच कमी होईल. थेरपी बरी चाललीय म्हणून कोणी स्वतःहून गोळ्या बंद करू नका.

खर्चाचं सांगायचं तर सगळी थेरपी चोवीस हजारांच्या आत बसली. मेडिक्लेममधून काही मिळालं नाही कारण माझ्या पॉलिसीत ओपीडी नाही. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत ओपीडी असेल तर एचआरला आधीच ईमेल करून विचारा, आणि प्रत्येक पावतीवर नोंदणी नंबर, तारीख आणि 'सायकोथेरपी' असं स्पष्ट लिहून घ्या, नंतर जुन्या तारखांच्या पावत्या गोळा करणं फार त्रासाचं होतं. एवढे पैसे जमत नसतील तर महापालिकेच्या किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढून हिप्नोसिस किंवा निदान रिलॅक्सेशन थेरपी होते का ते विचारा. आणि पोटापायी मनच खचलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर थेरपीची वाट बघू नका, टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे आणि मराठीतही बोलतात.

नवीन ठिकाणी फोन कराल तेव्हा तीन गोष्टी विचारा. नोंदणी नंबर काय, आयबीएसचे पेशंट आधी केलेत का, आणि रोजच्या सरावाचं रेकॉर्डिंग देता का. रिपोर्ट न बघता पॅकेज सांगितलं तर फोन ठेवा. माझा पुढचा फॉलोअप जूनमध्ये आहे, तोवर रेकॉर्डिंग आठवड्यातून दोन-तीनदा ऐकायला सांगितलंय.